काळा रंग कुठून येतो

सेक्टर सतराच्या दुकानात किणी
आधी काचेचं दार लावतो, मग जाड पडदा ओढतो, मग दिवे घालवतो
आणि अंधारातून विचारतो,
"मॅडम, तुमचा हॉल किती काळोखा करता येईल?"

हॉल पश्चिमेकडे. नेरूळ, सातवा मजला.
चारनंतर खाडीवरून ऊन सरळ आत येतं,
चपला न काढता,
सोफ्यावर टेकतं, फ्रीजपर्यंत जाऊन येतं.
ते उठलं की पामबीचचे दिवे,
आणि समोरच्या अर्ध्या बांधलेल्या टॉवरवरचा तो हॅलोजन,
ज्याला रविवारची सुट्टी ठाऊक नाही.

"दोन थरांचे पडदे लावा," किणी म्हणतो,
"मग दीड हजार ल्युमेनमध्येसुद्धा थिएटर."
खोटं कशाला बोलू, त्याच्या अंधारात चित्र सुंदरच होतं.
पडद्यावरच्या बाईचा केस न् केस सुटा दिसत होता.
आवडलं का विचारायला मी हेरंबकडे वळले
आणि माझे हात मलाच दिसेनात.

तेवढा वेळ आम्ही दोघं मुके होतो.
एरवी नसतो. एरवी तो फार बोलतो,
भाजी चिरता चिरता, बेसिनच्या आरशातून,
सिग्नलला स्कूटर थांबली की मागे वळून.

मी दिवा लावायला सांगितला.
म्हटलं, ह्यांना ऐकू येत नाही, ह्यांच्या मित्रांनाही नाही.
रविवारी सहा जण येतात. बारा हात.
सिनेमा चालू म्हणून गप्प बसतील अशी माणसं नव्हेत ती.
अंधार केला तर त्यांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल.

किणी पेन चावत राहिला.
मग गडी एकदम जागा झाला, कॅटलॉग उलटा फिरवला.
तीन हजारांच्या पुढे जाऊ, म्हणाला.
पडदा पांढरा नको, राखाडी घ्या,
वरून पडणारा उजेड तो पिऊन टाकतो.
छताची ट्यूब बंद, दिवा गुडघ्याच्या उंचीला,
पडद्याकडे पाठ करून.
आणि जाता जाता म्हणाला,
"प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, मॅडम.
उजेड टाकता येतो. अंधार कसा टाकणार?
काळं म्हणजे भिंत, जशी आहे तशी सोडलेली."

खाली टपरीवर, चहाचा ग्लास स्कूटरच्या सीटवर ठेवून
मी हे हेरंबला सांगितलं.
पुन्हा सांग, म्हणाला.
मी केसांना हात लावला, मग दोन्ही तळवे झटकले,
काही नाही, रिकामं.
तो बराच वेळ रिक्षांकडे बघत बसला.
मग म्हणाला, लोकांना वाटतं
माझ्या कानात कुणीतरी शांतता ओतलीय.
आणि माझा चहा उचलून पिऊन टाकला.

रविवारी किणीने दोन यंत्रं पाठवली.
एक पडद्याच्या पायाशी बसणारं, किरण खालून वर,
मध्ये कुणी उठलं तरी सावली नाही. किंमत दुप्पट.
दुसरं सोफ्यामागच्या स्टुलावर, साधं.
माझं पहिल्यावर ठरलं होतं, ईएमआयचं गणितही झालं होतं.

दुसरं लावलं तेव्हा बोडके वैतागून उभा राहिला,
नायक मूर्ख आहे, असं काहीतरी,
आणि त्याचा पंजा नायकाच्या कपाळावर पसरला,
चार फुटी.
डिसिल्व्हाने उत्तर दिलं तेही किरणातूनच.
मग सगळेच उठले.
सिनेमा कुणाच्या तरी खांद्यांवर, शर्टांवर चालू राहिला,
खालची अक्षरं हेरंबच्या पाठीवर.

हेच घेऊ, तो म्हणाला, घामाघूम.
इतक्या मोठ्याने मी कधीच बोललो नव्हतो.

तेव्हापासून आमच्याकडे रात्र राखाडी असते,
चोर राखाडी, विठ्ठलाची मूर्तीही राखाडीच.
मी कुरकुरते. तो ऐकत नाही,
म्हणजे, माझ्याकडे बघत नाही.
त्या हॅलोजनपुरता एक पडदा तेवढा शिवून घ्यायचाय.
पातळ.